आंबटाचे शास्त्र, खाराचा हिशेब

पांढऱ्या सदऱ्यावर आमटीचा थेंब उडाला की पुढचा प्रसंग महाराष्ट्रातल्या कोणत्याही घरात सारखाच घडतो. डाग पिवळा असतो. कोणीतरी लगबगीने त्यावर साबणाची वडी घासते आणि डाग जाण्याऐवजी लालबुंद होतो. घाबरून भरपूर पाणी ओतावे तर साबण निघून जातो आणि डाग पुन्हा पिवळा दिसू लागतो. लिंबाची फोड चोळली तर हा पालट आणखी झटकन होतो. यात डागाचा खोडसाळपणा काही नाही. हळदीतले कुरकुमिन नावाचे द्रव्य आंबट किंवा साध्या पाण्यात पिवळे राहते आणि साबण, सोडा, चुना यांच्या सहवासात तांबडे होते. शाळेच्या प्रयोगशाळेत लिटमसचा कागद जे काम करतो, तेच काम आपल्या मिसळणाच्या डब्यातली हळद बिनबोभाट करीत असते. लिटमस तरी काय? गोड्या मसाल्यात आपण जे दगडफूल घालतो, त्याच्या दूरच्या भाऊबंदांपासून काढलेला तो रंग. लालबागच्या मसाल्याच्या दुकानात उभे राहिले तर रसायनशास्त्राचे दोन 'दर्शक' एकाच फळीवर मांडलेले दिसतील.

आम्ल, आम्लारी आणि क्षार हा धडा सातवी-आठवीत सगळ्यांनीच वाचलेला असतो. परीक्षेनंतर त्यातले फारसे काही उरत नाही. 'निळा लिटमस तांबडा करते ते आम्ल' एवढे एक वाक्य तेवढे डोक्यात राहते. खरे तर या धड्याइतका आपल्या रोजच्या जगण्यात मुरलेला दुसरा धडा नसेल. स्वयंपाकघर, न्हाणीघर, औषधाची बाटली, अंगावरचे कापड, इतकेच काय, चौपाटीवरचे पाणीसुद्धा त्याच्या हिशेबाने चालते. आणि या शास्त्राची वाटचाल पाहायला फार लांब जावे लागत नाही. गिरगावपासून परळ-लालबागमार्गे माटुंग्यापर्यंतच्या चिंचोळ्या पट्ट्यात तिचे बहुतेक सगळे मुक्काम सापडतात.

चिंच आधी की डाळ आधी?

'डाळ शिजल्याशिवाय चिंच घालू नकोस,' हे नव्या सुनेला मिळणारे पहिल्या काही धड्यांपैकी एक. आमसूल असो, चिंच असो की टोमॅटो, आंबट पदार्थ आधी पडला तर डाळ बोटचेपी होत नाही. डाळीच्या पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारे पेक्टिन आम्लात सहजासहजी विरघळत नाही. उलट चिमूटभर खायचा सोडा टाकला की हरभरे, छोले लवकर मऊ होतात, कारण सोडा आम्लाच्या विरुद्ध गुणाचा. पापडात पापडखार पडतो, तोही याच कुळातला. दुधात लिंबू पिळले की ते फाटते, कारण दुधाचा आंबटपणा एका ठराविक पायरीपर्यंत वाढला की त्यातले केसीन वेगळे होऊन खाली बसते. दह्याच्या विरजणात हेच काम जिवाणूंनी तयार केलेले लॅक्टिक आम्ल सावकाश आणि सुबकपणे करते.

मुलांना रविवारी दुपारी उद्योग हवा असेल तर दादरच्या फुलबाजारातून आणलेली लाल जास्वंद पुरेशी आहे. पाकळ्या गरम पाण्यात भिजवाव्यात, रंगीत पाणी दोन पेल्यांत घ्यावे. एकात लिंबू पिळावे, दुसऱ्यात खायचा सोडा टाकावा. पहिला पेला झगझगीत गुलाबी-लाल होतो, दुसरा हिरवट. इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॉइलने १६६४ साली रंगांविषयीच्या आपल्या ग्रंथात व्हायोलेट फुलांच्या पाकाची अशीच परीक्षा नोंदवली. आम्लाने लाल, अल्कलीने हिरवा. तेव्हापासून चवीवर विसंबण्याची गरज संपली आणि आम्लाच्या ओळखीला डोळ्यांची साक्ष मिळाली.

सुश्रुताचा खार

'अल्कली' हा शब्द अरबी आहे. मूळ अर्थ वनस्पतीची राख. आपल्याकडे राखेने भांडी घासायची पद्धत होती, ती याच गुणामुळे. राख पाण्यात कालवून गाळली की येणारे निवळ पाणी हाताला बुळबुळीत लागते, कारण ते कातडीवरच्या तेलाचा साबण करू लागते.

सुश्रुतसंहितेत क्षार तयार करण्याच्या विधीवर स्वतंत्र अध्याय आहे. वनस्पती जाळून राख करायची, ती पाण्यात उकळून गाळायची आणि तीव्र क्षार हवा असेल तर त्यात भाजलेला चुना मिसळायचा. मृदू, मध्यम आणि तीक्ष्ण असे क्षाराचे तीन प्रकार तिथे सांगितले आहेत. आजच्या भाषेत सांगायचे तर राखेतले सौम्य कार्बोनेट चुन्याच्या मदतीने दाहक अल्कली बनते. एकोणिसाव्या शतकात कारखान्यांतून कॉस्टिक सोडा करण्याची पद्धत तत्त्वतः हीच होती. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासात या प्रकरणाकडे मुद्दाम लक्ष वेधले. त्याहून नवल वाटते ते सुश्रुताच्या पुढच्या प्रश्नाचे. क्षाराने झालेला दाह आंबट पदार्थाने कसा शमतो? आम्लही तीक्ष्णच, मग दोन तीक्ष्ण एकत्र येऊन शांत कसे होतात? त्याचे उत्तर रसांच्या परिभाषेत आहे, पण प्रश्न अचूक आहे. आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की दोघांचाही जोर जातो, याला आपण आज उदासिनीकरण म्हणतो. उरते ते मीठ आणि पाणी. मिठाच्या त्या साऱ्या कुळाला पाठ्यपुस्तकात 'क्षार' म्हणतात आणि बोलीत मात्र 'खार' म्हणजे अल्कली. आपल्या विद्यार्थ्यांचा निम्मा गोंधळ या एका शब्दाने केलेला आहे.

आम्ल म्हणजे नेमके काय, यावर युरोपात दीडशे वर्षे खल चालला. फ्रान्सच्या लाव्हाझिएला वाटले, प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतो. म्हणून तर त्याने त्या वायूला 'आम्लजनक' अशा अर्थाचे नाव दिले. इंग्लंडच्या हम्फ्री डेव्हीने १८१० साली दाखवले, की मिठापासून मिळणाऱ्या जहाल आम्लात ऑक्सिजनचा मागमूस नाही, आहेत ते हायड्रोजन आणि क्लोरीन. सिद्धांत गेला, नाव मात्र चिकटून राहिले. १८३८ साली जर्मनीच्या लीबिगने हायड्रोजनवर बोट ठेवले. आणि १८८४ साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात स्वांते अऱ्हेनियस या पंचविशीतल्या विद्यार्थ्याने प्रबंधात मांडले, की असे पदार्थ पाण्यात विरघळताना त्यांचे विद्युतभारित तुकडे, म्हणजे आयन, होतात. या विचारातूनच पुढे शाळेत शिकवली जाणारी व्याख्या आली. पाण्यात हायड्रोजन आयन सोडते ते आम्ल, हायड्रॉक्साइड आयन सोडते ती आम्लारी. परीक्षकांना प्रबंध पटला नाही. त्यांनी त्याला अगदी काठावरचा दर्जा देऊन वाटेला लावले. १९०३ साली त्याच कामाबद्दल अऱ्हेनियसला रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

गिरणगावचे तेजाब

ही व्याख्या गिरणगावाला पाठ नसेल, पण तिच्यावर गिरणगाव जगले. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली. पुढे लालबाग, परळ, लोअर परळ, दादर, प्रभादेवी इथे गिरण्यांचे भोंगे वाजू लागले. १८७९ साली नवरोजी वाडियांनी बॉम्बे डाइंगची सुरुवात केली, तीच मुळी सूत रंगवण्याच्या छोट्या कामाने. साचे खात्याच्या खडखडाटाबद्दल, तिथल्या कामगारांबद्दल मराठीत पुष्कळ लिहिले गेले. ब्लीचिंग आणि डाइंग खात्याबद्दल त्या मानाने कमी. वास्तविक कोऱ्या कापडाचे 'कापड' होत असे ते याच खात्यात, आणि ते सारे आम्ल-आम्लारीचे आळीपाळीचे काम होते.

मागावरून उतरलेले कोरे कापड पिवळट, खळीचे आणि मेणचट असते. पाणी त्यावरून ओघळून जाते. ते मोठ्या बंद पिंपात कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात तासन्‌तास उकळले, की मेण आणि तेलाचा साबण होऊन ते धुऊन जाते. मग क्लोरीनयुक्त द्रावात ते पांढरे केले जाते. त्यानंतर अगदी पातळ केलेल्या गंधकाम्लात बुडवून काढतात, म्हणजे उरलासुरला सोडा आणि चुना मारला जातो. मग पुन्हा भरपूर पाणी. या शेवटच्या पाण्यात कसूर झाली तर कापड वाळताना आतले पाणी उडून जाते, आम्ल मात्र दाट होत जाते आणि काही दिवसांनी कापड बोट लावताच फाटते. सुताचा धागा म्हणजे सेल्युलोज. त्याला अल्कली मानवते, आम्ल नाही. लोकर आणि रेशीम यांचे उलट. ती प्रथिने असल्यामुळे त्यांना हलके आम्ल चालते, पण सोडा त्यांना खाऊन टाकतो. पैठणी धुण्याच्या सोड्यात घालू नये असे जे आपल्याकडे बजावतात, त्याचे कारण हेच.

कापडाला रेशमासारखी चकाकी आणणारे मर्सरायझिंग हाही अल्कलीचाच प्रताप. १८४४ साली जॉन मर्सर या इंग्रज कारागिराला दाट कॉस्टिक सोडा कापडातून गाळताना दिसले, की धागा फुगतो आणि आटतो. एरवी पिळलेल्या चपट्या फितीसारखा असणारा कापसाचा तंतू गोल होतो. पुढे १८९० च्या सुमारास होरेस लो याने तेच कापड ताणून धरून केले, तेव्हा चकाकी आली. निळीचा रंगही असाच. नीळ पाण्यात विरघळत नाही. अल्कलीच्या हौदात तिचे रूप बदलून ती विरघळवावी लागते, तेव्हा ती निळी नसून पिवळट-हिरवी दिसते. सूत बाहेर काढून हवेवर धरले की डोळ्यांदेखत निळे होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या आणि त्यांच्या जमिनीवर आज मॉल आणि मनोरे उभे आहेत. गेले ते केवळ रोजगार नव्हेत. द्रावाचा हात, वास, फेस यांवरून त्याचा अंदाज घेणारी, आंबट कापड किती पाण्यात गोडे होते हे जाणणारी माणसे त्या खात्यात होती. ते ज्ञान कोणत्याही पुस्तकात उतरले नाही.

नावाचे आम्ल, आणि एका शास्त्रज्ञाची शिक्षा

परळला हाफकिन संस्था आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका छोट्या जागेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. १८९९ साली प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. लस करण्याची रीत अशी: प्लेगचे जंतू वाढवायचे, उष्णतेने मारायचे आणि लस टिकावी म्हणून त्यात अर्धा टक्का कार्बोलिक आम्ल घालायचे.

मागणी वाढली तेव्हा हाफकिन यांनी पद्धत बदलली आणि कार्बोलिक आम्ल वगळले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत उष्णतेवरच भरवसा ठेवीत असत. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावी लसीकरण झाले. एकाच बाटलीतून लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. चौकशी झाली. ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला, कार्बोलिक आम्ल वगळल्याचा दोष हाफकिन यांच्या माथी मारला गेला आणि त्यांना पद सोडावे लागले. गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट जंतुरहित न करताच वापरला गेला होता, ही बाब मागे राहिली. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी आवाज उठवला, लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहिले, तेव्हा कुठे १९०७ साली ते दोषमुक्त झाले. परळचे संचालकपद मात्र त्यांना परत मिळाले नाही. १९२५ साली संस्थेला त्यांचे नाव दिले गेले.

ज्या 'आम्ला'वरून एवढे रामायण झाले, ते कार्बोलिक आम्ल म्हणजे फिनॉल. आम्ल म्हणून ते फारच दुबळे आहे. सोडावॉटरमधल्या कार्बनिक आम्लापेक्षाही दुबळे. कॉस्टिक सोड्याशी त्याचे जुळते, पण खायच्या सोड्यावर टाकले तर बुडबुडासुद्धा येत नाही. जंतूंना ते मारते ते आंबटपणामुळे नव्हे, तर त्यांची प्रथिने आणि आवरणे बिघडवून. म्हणजे आम्ल किती जोरकस आणि ते किती घातक, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. नावावरून पदार्थाचा स्वभाव ठरवू नये, एवढे शहाणपण फिनॉलपासून घ्यावे.

देणारा आणि घेणारा

मग स्वभाव ठरवायचा कशावरून? १९२३ साली याचे नवे उत्तर दोन ठिकाणांहून जवळजवळ एकाच वेळी आले. कोपनहेगनचा ब्रॉन्स्टेड आणि केंब्रिजचा लोरी यांनी एकमेकांवर न विसंबता सांगितले: प्रोटॉन देतो तो आम्ल, प्रोटॉन घेतो तो आम्लारी. हायड्रोजनमधला एकुलता एक इलेक्ट्रॉन काढून घेतला की उरतो तो प्रोटॉन. आता आम्लपणा ही वस्तूच्या कपाळावर लिहिलेली जात राहिली नाही, समोर कोण आहे यावर ठरणारी भूमिका झाली. एकच बाई सासरी सून आणि माहेरी लेक असते, तसे पाणी अमोनियासमोर आम्ल होते आणि हायड्रोक्लोरिक आम्लासमोर आम्लारी. शिवाय आम्लाने प्रोटॉन दिला की उरलेला भाग तो परत घेऊ शकतो, म्हणून तो स्वतः आम्लारी. आम्ल जितके जोरकस, तितका त्याचा हा जोडीदार दुबळा.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या लुईसने आणखी मोठी व्याख्या दिली. प्रोटॉनही बाजूला ठेवा, इलेक्ट्रॉनांची जोडी स्वीकारतो तो आम्ल. हे कोणाला पुस्तकी वाटेल. पण पारंपरिक कुंकू करण्याची रीत आठवा: हळद, लिंबाचा रस आणि सवागी, म्हणजेच टाकणखार. टाकणखारात बोरॉन असतो आणि आंबट माध्यमात बोरॉन व हळद यांचे सूत जमले की तांबडा रंग येतो. रसायनशास्त्रात बोरॉन ओळखण्याची ही जुनी खूण आहे. बोरिक आम्ल स्वतःचा प्रोटॉन देत नाही, ते इलेक्ट्रॉनांची जोडी घेते. म्हणजे डागाची लाली आणि कुंकवाची लाली एका हळदीची असली, तरी पहिलीला ब्रॉन्स्टेड पुरतो आणि दुसरीला लुईस लागतो.

मोजमापाची सोय त्याआधी, १९०९ साली झाली होती. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सनने हायड्रोजन आयनांच्या प्रमाणासाठी 'पीएच' ही मोजपट्टी आखली. आपल्याकडे तिला सामू म्हणतात. सात म्हणजे मध्य, खाली आम्ल, वर आम्लारी. ध्यानात ठेवायचे ते एवढेच, की एक पायरी म्हणजे दहापट. लिंबाच्या रसाचा सामू दोनच्या आसपास, दुधाचा साडेसहाच्या किंचित वर. म्हणजे लिंबू दुधापेक्षा चौपट-पाचपट नव्हे, हजारो पटींनी आंबट.

माणसाच्या जठरात सामू दीड ते साडेतीन इतका कमी असतो, रक्तात मात्र तो ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्टीतच राहावा लागतो. ही राखण रक्तातली बायकार्बोनेटची व्यवस्था, फुप्फुसे आणि मूत्रपिंडे मिळून करतात. अतिदक्षता विभागात रोग्याच्या रोहिणीतले रक्त काढून जी तपासणी वारंवार करतात, ती या पहाऱ्याची असते. म्हणूनच 'अल्कलीयुक्त पाणी प्या, रक्तातले आम्ल घालवा' अशा जाहिराती वाचल्या की हसू येते. ते महागडे पाणी आधी जठरातल्या आम्लात पडते आणि तिथेच त्याचा हिशेब मिटतो.

माटुंग्याचे विद्यापीठ

दादर ओलांडले की माटुंग्याला एक संस्था लागते. जुन्या पिढीला ती 'यूडीसीटी' म्हणून माहीत आहे. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग १ ऑक्टोबर १९३३ रोजी सुरू झाला, तो कापड गिरण्यांच्या गरजेतून. वस्त्ररसायन हा पहिल्या विषयांपैकी एक होता. १९४३ साली विभाग माटुंग्याला आला आणि २००८ साली त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आजचे नाव इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी.

तिथले पहिले भारतीय संचालक के. वेंकटरामन १९३८ साली त्या पदावर आले. वनस्पतींतल्या पिवळ्या रंगद्रव्यांकडे नेणारी एक अभिक्रिया त्यांच्या नावाने जगभर शिकवली जाते. बेकर-वेंकटरामन पुनर्रचना ही १९३३ सालची. तिची किल्ली आम्लारीच्या हाती असते. आम्लारी रेणूतला एक प्रोटॉन काढून घेते आणि मग रेणू स्वतःची फेरमांडणी करतो. कृत्रिम रंगांवरचा त्यांचा ग्रंथ १९५२ पासून खंडाखंडाने निघाला आणि या विषयाचा आधारग्रंथ ठरला.

प्रा. मनमोहन शर्मा १९६४ साली केंब्रिजहून येऊन इथे प्राध्यापक झाले, पुढे संचालक. १९९० साली ते रॉयल सोसायटीचे फेलो निवडले गेले. वायू द्रवात शिरताना अभिक्रिया किती वेगाने होते, हा त्यांचा विषय. कार्बन डायऑक्साइड आम्लधर्मी वायू, अमाइन ही आम्लारी. त्यांची गाठ कशी आणि किती वेगाने पडते यावर त्यांनी आपले गुरू डँकवर्ट्स यांच्यासह १९६६ साली लिहिलेला निबंध अभ्यासकांच्या हाताशी राहिला. धुराड्यातून कार्बन पकडायच्या आजच्या खटाटोपात हेच गणित पुन्हा मांडावे लागते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या अर्जुनवाड्याचे डॉ. गणपती यादव इथेच शिकले आणि पुढे या विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांचे काम घन आम्लांवर. कारखान्यात द्रवरूप गंधकाम्ल वापरले की काम संपल्यावर ते चुन्याने किंवा सोड्याने मारावे लागते आणि क्षारांनी भरलेले सांडपाणी नाल्यात जाते. घन आम्ल असेल तर गाळून घ्यावे आणि पुन्हा वापरावे. त्यांनी केलेल्या अशा उत्प्रेरकांच्या मालिकेचे नाव 'यूडीकॅट'. त्यात संस्थेच्या जुन्या नावाची आठवण आहे.

घरातली बाटली

इतका सिद्धांत ऐकल्यावर गृहस्थाने घरात काय करावे? सगळ्यांत आधी न्हाणीघराची फळी तपासावी. शौचकूप धुण्याच्या बहुतेक द्रावांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते, आणि शेजारीच ब्लीचिंग पावडर किंवा द्रवरूप ब्लीच. 'दोन्ही टाकले की दुप्पट स्वच्छ' या समजुतीने ते एकत्र केले तर क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडला गेला तोच. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. एक द्राव पुरता धुऊन गेल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये. शहाबादी किंवा संगमरवरी लादीवरही आम्ल ओतू नये. ती चुन्याच्याच जातीची, फसफसून झिजते.

दुसरे, 'अ‍ॅसिड' म्हटले की आपण दचकतो, पण तुंबलेले मोरीचे पाइप मोकळे करणारा कॉस्टिक सोडा तितकाच दाहक असतो. डोळ्याला तर अल्कली अधिक वाईट. ती ऊतींचा साबण करीत आत आत शिरते. विड्याच्या चुन्याची डबी लहान मुलाच्या हाती लागू नये ती यासाठी. असा अपघात झाला तर उदासिनीकरणाचा प्रयोग डोळ्यावर किंवा कातडीवर करू नये, कारण त्या अभिक्रियेत उष्णता निघते. नळाच्या वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा-वीस मिनिटे धुवावे आणि थेट डॉक्टर गाठावा. पोटात गेले असेल तर ओकारी काढू नये. वर येताना ते पुन्हा अन्ननलिका जाळते.

आणि आम्लाचा जो सर्वांत हिडीस वापर माणसे करतात, त्याबद्दलही बोलले पाहिजे. १८ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की आम्लाची किरकोळ विक्री खरेदीदाराचे ओळखपत्र पाहून, नोंदवहीत नोंद करूनच व्हावी आणि अठरा वर्षांखालील कोणालाही ते विकू नये. त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीने आम्लहल्ल्याला किमान दहा वर्षांची शिक्षा ठरली. दुकानदाराने वही पुढे केली तर ती कटकट वाटू देऊ नये. त्या वहीतल्या एका ओळीने कोणाचा तरी चेहरा वाचू शकतो.

चौपाटीचे पाणी

अनंत चतुर्दशीला लालबाग-परळचे गणपती गिरगाव चौपाटीवर येतात. शाडूची मूर्ती पाण्यात विरघळते, प्लास्टर ऑफ पॅरिसची महिनोन्‌महिने पडून राहते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने, जिथे वेंकटरामन माटुंग्याहून १९५७ साली संचालक म्हणून गेले, तिने यावर अमोनियम बायकार्बोनेटचा उपाय काढला. २०१६ पासून पुण्यात अनेकांनी तो घरी बादलीत करून पाहिला. प्लास्टर म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्याचे खाली बसणारे कॅल्शियम कार्बोनेट होते, आणि पाण्यात उरते ते अमोनियम सल्फेट, म्हणजे झाडांचे खत. भेंडीबटाट्याच्या पिशवीएवढ्या पुडीने एरवी न सुटणारे कोडे घरातल्या घरात सुटते.

समुद्राचे स्वतःचे कोडे त्याहून मोठे आहे. हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा वाटा समुद्र शोषून घेतो आणि त्याचे कार्बनिक आम्ल होते. औद्योगिक क्रांतीपासून जगाच्या समुद्रांचा पृष्ठभागाचा सामू सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला आहे. एक दशांशाने काय बिघडते, असे वाटेल. पण ही पट्टी दहापटीची आहे, आणि त्या एक दशांशाचा अर्थ हायड्रोजन आयनांत पंचवीस ते तीस टक्क्यांची वाढ. तिसऱ्या, कालवे, शिंपल्या यांचे कवच कॅल्शियम कार्बोनेटचे. पाणी जितके आम्लाकडे झुकेल तितके ते बांधणे त्यांना जड जाणार. कोळीवाड्यातल्या टोपलीचा आणि कोकणी ताटाचा तिथे संबंध येतो. सदऱ्यावरचा डाग लिंबाने पिवळा करता येतो. समुद्रासाठी तेवढे मोठे लिंबू किंवा तेवढा मोठा सोड्याचा पुडा कोणाच्याच दुकानात नाही. तिथे एकच उपाय चालतो, आणि तो गिरणीच्या ब्लीचिंग खात्यातला कोणताही जुना कामगार सांगेल: हौदात आधी जास्त ओतूच नये.